कॉलेजच्या लॅबमध्ये क्वांटम डॉट: सातारा-सांगलीच्या पोरापोरींनी सुरुवात कुठून करायची

बीएस्सी थर्ड इयर आणि एमएस्सीचे प्रोजेक्ट सुरू झाले की सातारा, कराड, सांगली, मिरज सगळीकडे एक टॉपिक हमखास फिरतो, झिंक ऑक्साइडचे नॅनोपार्टिकल. पावडर बनते, एक्सआरडी (एक्स-रे डिफ्रॅक्शन, स्फटिक तपासायची चाचणी) होतं, साइज येते ३० नॅनोमीटर आणि रिपोर्टात लिहिलं जातं की क्वांटम कन्फाइनमेंटमुळे, म्हणजे छोट्या कणात इलेक्ट्रॉन कोंडला गेल्यामुळे, बँड गॅप (इलेक्ट्रॉनच्या भरलेल्या आणि रिकाम्या पातळ्यांमधलं एनर्जीचं अंतर) वाढला. हे चूक आहे. ३० नॅनोमीटरच्या झिंक ऑक्साइडमध्ये क्वांटम असं काही दिसत नाही, ती बारीक पावडर आहे बस. क्वांटम डॉट म्हणजे नुसत्या आकारामुळे गुण बदलतील इतका छोटा, काही नॅनोमीटरचा सेमीकंडक्टरचा कण. आणि वाईट याचं वाटतं की खरा परिणाम याच लॅबमध्ये, याच केमिकलमधून, डोळ्यासमोर दाखवता येतो, फक्त क्रम उलटा करावा लागतो. आधी कागदावर अंदाज, मग सँपल, मग मशीन. तो क्रम खाली सांगतोय, ज्यांनी कधी स्पेक्ट्रोमीटरला हात लावला नाही त्यांना पण जमेल असा.

आधी एक आकडा शोधा

सेमीकंडक्टरवर पुरेशा एनर्जीचा प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन व्हॅलन्स बँडमधून (भरलेल्या पातळ्या) उडून कन्डक्शन बँडमध्ये (वरच्या रिकाम्या पातळ्या) जातो, मागे रिकामी जागा म्हणजे होल राहतो, आणि दोघं एकमेकांच्या ओढीत राहिले की त्या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. या जोडीचा स्वतःचा एक नैसर्गिक आकार असतो, बोहर रेडियस. तुमचा कण या आकाराच्या जवळपास किंवा त्याहून छोटा झाला तरच त्या जोडीला भिंत जाणवते आणि एनर्जी वर चढते, जशी छोट्या बासरीची पट्टी वर जाते. कण त्याच्या कितीतरी पट मोठा असेल तर जोडीला भिंत आहे हे कळतच नाही.

आता आकडे बघा. झिंक ऑक्साइडचा हा रेडियस साधारण २.३ नॅनोमीटर, कॅडमियम सल्फाइडचा ३ च्या आसपास, कॅडमियम सेलेनाइडचा ५ ते ६, गॅलियम आर्सेनाइडचा १० च्या पुढे, आणि लेड सल्फाइडचा तर १८-२०. म्हणजे १० नॅनोमीटरचा लेड सल्फाइडचा कण चांगला क्वांटम असतो, पण १० नॅनोमीटरचा झिंक ऑक्साइडचा कण जवळजवळ ठोकळ्यासारखाच, म्हणजे मोठ्या तुकड्यासारखाच वागतो. नॅनो म्हणजे क्वांटम हे समीकरण डोक्यातून काढून टाका, मटेरियल सांगा मग साइजचं बोलू.

झिंक ऑक्साइडचा एक मोठा फायदा आहे. त्याच्या एक्सायटॉनची बंधन ऊर्जा ६० मिली इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे आणि रूम टेंपरेचरची उष्णता साधारण २५-२६, म्हणून जोडी सहजासहजी तुटत नाही. गॅलियम आर्सेनाइडमध्ये हीच बंधन ऊर्जा ४ च्या आसपास, तिथं एक्सायटॉन नीट बघायचा तर लिक्विड हेलियम लागतं. आपल्याकडं कॉलेजात हेलियम कुठून येणार, म्हणून झिंक ऑक्साइडच घ्या.

कागद, पेन आणि थोडं पायथन

एक आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, ०.३७६. लांबी नॅनोमीटरमध्ये आणि एनर्जी इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये घेतली तर एका मितीच्या बंद खोक्यातली सगळ्यात खालची पातळी म्हणजे ०.३७६ भागिले इफेक्टिव्ह मास (पदार्थाच्या आत कण जेवढा जड भासतो ते, मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या पटीत) भागिले लांबीचा वर्ग. दुसरा आकडा १२४०, ईव्हीला नॅनोमीटर करायचं तर १२४० ला ईव्हीने भागा. या दोन आकड्यांवर निम्मा प्रोजेक्ट चालतो.

१० नॅनोमीटर रुंदीची गॅलियम आर्सेनाइडची क्वांटम वेल, म्हणजे दोन भिंतींमधला पातळ थर, घ्या. इलेक्ट्रॉनचं इफेक्टिव्ह मास ०.०६७. उत्तर येतं ०.०५६ ईव्ही, म्हणजे ५६ मिली ईव्ही. पण हे भिंत अनंत उंच धरून. खरी भिंत अ‍ॅल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडची, ती ०.२३ ईव्हीच्या आसपास उंच असते, मग इलेक्ट्रॉन भिंतीच्या आत थोडा शिरतो, त्याला जागा जास्त मिळते, आणि पातळी उतरते ३२ मिली ईव्हीवर. हा फरक नुसता वाचू नका, कोड लिहून स्वतः काढा. ४० नॅनोमीटर लांबी घ्या, ०.१ नॅनोमीटरचे तुकडे करा, ४०० बाय ४०० ची मॅट्रिक्स होते. कर्णावर दोन गुणिले टी अधिक त्या जागेची भिंत, कर्णाच्या शेजारी वजा टी, आणि टी म्हणजे ०.०३८१ भागिले मास भागिले तुकड्याचा वर्ग, इथं ५६.९ ईव्ही येतो. नंपायला (पायथनची गणिताची लायब्ररी) आयगनव्हॅल्यू विचारा, त्याच एनर्जीच्या पातळ्या. सगळीकडे मास एकच धरलं आहे, सुरुवातीला तेवढं बस. पंधरा-वीस ओळींचा कोड आहे, साध्या लॅपटॉपवर क्षणात चालतो, आणि ५६ चे ३२ होताना स्वतः बघितले की पुढचं सगळं सोपं जातं.

आता डॉट. गोळ्यासाठी तोच ०.३७६ वापरायचा, फक्त लांबीच्या जागी त्रिज्या घ्यायची, आणि इलेक्ट्रॉन आणि होल दोघांची एनर्जी मिळवायची. झिंक ऑक्साइडसाठी मास ०.२४ आणि ०.४५ धरा, एक भागिले दोन्हींची बेरीज ६.४ येते. ४ नॅनोमीटर व्यासाचा डॉट म्हणजे त्रिज्या २, वर्ग ४. ०.३७६ गुणिले ६.४ भागिले ४, झाले ०.६०. यातून दोघांची आपसातली ओढ वजा करायची, ती २.५९ भागिले डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (पदार्थ ती ओढ किती पट कमी करतो तो आकडा) भागिले त्रिज्या, ८.५ धरला तर ०.१५. म्हणजे ठोकळ्याच्या ३.३७ ईव्हीवर ०.४५ ची भर, एकूण ३.८२, नॅनोमीटरमध्ये ३२५. ठोकळा स्वतः ३६८ वर असतो. हेच ब्रस समीकरण.

पण प्रत्यक्षात ४ नॅनोमीटरच्या डॉटची कड (जिथून शोषण सुरू होतं ती तरंगलांबी) ३२५ ला नाही, ३५० च्या आसपास मिळते. का, ते वरच्या क्वांटम वेलने आधीच सांगितलंय, भिंत अनंत उंच नसते. शिवाय इतक्या छोट्या आकारात इफेक्टिव्ह मास ही कल्पनाच ताणली जाते. म्हणून ब्रस समीकरणातून काढलेली साइज ही खरी साइज म्हणून छापू नका, ते दिशा आणि ढोबळ प्रमाण सांगतं, आणि ते काम उत्तम करतं. आणि गंमत बघा, हेच गणित त्रिज्या १५ धरून केलं की ३० नॅनोमीटरच्या पावडरचं उत्तर येतं, ०.३७६ गुणिले ६.४ भागिले २२५, म्हणजे ०.०१ ईव्ही. कडेचं सरकणं जेमतेम एक नॅनोमीटर, ओढ वजा केली की तेवढंही उरत नाही. कन्फाइनमेंट म्हणून रिपोर्टात जो ०.२ ईव्हीचा फरक दाखवतात तो दुसऱ्याच कशाचा तरी असतो, बहुतेक वेळा ग्राफवर रेघ कशी ओढली त्याचा.

सँपल बनवणं

कॅडमियमच्या मागे लागू नका. रंग सुंदर येतात हे खरं, पण कॅडमियम विषारी आहे, आणि त्याची चांगली रेसिपी ३०० डिग्रीच्या आसपासच्या गरम सॉल्व्हंटमध्ये इंजेक्शन देऊन, हवा न लागू देता करतात. ही पद्धत एमआयटीत मौंगी बावेंडी यांच्या गटाने १९९३ मध्ये दिली आणि तिथून डॉट एकसारख्या साइजचे मिळायला लागले. ते पुढं कधीतरी, चांगल्या लॅबमध्ये.

आपली रेसिपी साधी आहे. १.१० ग्रॅम झिंक अ‍ॅसिटेट डायहायड्रेट ५० मिली अ‍ॅब्सोल्यूट इथेनॉलमध्ये घालायचं आणि उकळीपर्यंत नेऊन विरघळवायचं. इथेनॉल उकळताना बर्नर अजिबात नको, हॉटप्लेट आणि वर कंडेन्सर. मग बर्फात शून्य डिग्रीला आणायचं, बर्फ कॉलेजात नसेल तर रसवंतीवाल्याकडून आणा, त्यात मीठ टाका. थंड होताना पांढरा साका बसतो, घाबरू नका, तसंच व्हायला पाहिजे. दुसरीकडे ०.२९ ग्रॅम लिथियम हायड्रॉक्साइड मोनोहायड्रेट ५० मिली इथेनॉलमध्ये सोनिकेटरवर विरघळवा, हेही थंड करा. आता स्टरर जोरात ठेवून दुसरं पहिल्यात थेंब थेंब सोडा. थोडं पडलं की पांढरा साका नाहीसा होतो आणि पाण्यासारखं स्वच्छ द्रावण दिसतं. इथं बरेच जण समजतात की काहीच बनलं नाही आणि ओतून देतात. ते स्वच्छ दिसणारं द्रावणच क्वांटम डॉट आहेत. ३ नॅनोमीटरचे कण प्रकाश विखुरत नाहीत आणि दिसणारा रंग शोषत नाहीत, म्हणून दिसत नाहीत. दूधट दिसलं तरच काळजी करा.

पावसाळ्यात सातारा-महाबळेश्वर पट्ट्यात हवा इतकी ओली असते की लिथियम हायड्रॉक्साइडची बाटली उघडी राहिली तर ते हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढतं, वजनात कार्बोनेट मोजलं जातं आणि रेसिपी बिघडते. इथेनॉलही पाणी ओढतं, आणि पाणी वाढलं की कण भराभर वाढतात. जमलं तर हे काम डिसेंबर-जानेवारीत करा. सांगलीच्या एप्रिलमध्ये टेबलावर ठेवलेली बाटली आणि फ्रीजमधली बाटली यांचं वागणं अगदी वेगळं असतं, आणि तोच आपला प्रयोग आहे.

एकच सँपल, दोन बाटल्या

द्रावण दोन बाटल्यांत भरा, एक फ्रीजमध्ये, एक टेबलावर. टेबलावरच्या बाटलीतून दर अर्ध्या तासाने थोडं काढून यूव्ही-व्हिजिबल (कुठली तरंगलांबी किती शोषली जाते त्याचा ग्राफ) घ्या, नंतर दिवसातून एकदा. कड हळूहळू ३३०-३४० कडून ३६० कडे सरकताना दिसेल, कारण छोटे कण विरघळून मोठ्यांवर बसतात. फ्रीजमधली कड फार हळू हलेल. केमिकल तेच, बाटली तीच, फक्त साइज बदलली आणि प्रकाशाशी वागणं बदललं. याहून स्वच्छ पुरावा नाही.

बेल लॅब्समध्ये लुई ब्रस यांना १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅडमियम सल्फाइडमध्ये हेच दिसलं होतं, टेबलावर राहून गेलेल्या सँपलचे प्रकाशाचे गुण बदललेले होते, आणि त्यांनी कणांच्या वाढीशी त्याचा संबंध लावला, पेपर १९८३ चा. त्याआधी १९८१ मध्ये अलेक्सी एकिमोव्ह यांनी काचेत कॉपर क्लोराइडचे कण वाढवून साइजप्रमाणे शोषण सरकतं हे दाखवलं होतं. २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल या दोघांना आणि बावेंडींना मिळालं. तर बाटली टेबलावर ठेवून परत मोजणं हा पोरखेळ नाही, या विषयाची सुरुवातच तशी झालीये.

मशीनवर बसताना काही गोष्टी पाळाच. क्युव्हेट (सँपल मशीनमध्ये ठेवायची छोटी चौकोनी नळी) क्वार्ट्झचीच पाहिजे, साध्या काचेची किंवा प्लास्टिकची ३४० च्या खाली स्वतःच प्रकाश खाते आणि ग्राफमध्ये जी कड दिसते ती क्युव्हेटची असते, तुमच्या डॉटची नाही. बेसलाइन (डॉट नसतानाचं मोजमाप) त्याच बाटलीतल्या इथेनॉलची घ्या. द्रावण थंड इथेनॉलने पातळ करा, शिखराला अ‍ॅब्सॉर्बन्स (प्रकाश किती शोषला त्याचा आकडा) १ च्या खाली राहू द्या, २-३ च्या वर गेलं की बहुतेक मशीन खरं सांगत नाही, ग्राफचा माथा सपाट होतो. आणि क्युव्हेट बोटांनी धरताना घासलेल्या बाजूने धरा, पारदर्शक बाजूवर घामाचा ठसा उमटला की यूव्हीमध्ये तोही दिसतो.

टॉक प्लॉटबद्दल (शोषणावरून बँड गॅप काढायचा ग्राफ) थोडं जास्त बोलतो, कारण घोळ इथंच होतो. झिंक ऑक्साइडचा गॅप डायरेक्ट, म्हणून शोषण गुणिले एनर्जी, त्याचा वर्ग, आणि एनर्जी, असा ग्राफ काढतात आणि सरळ भागाला रेघ ओढून आडव्या अक्षावर कुठं कापते ते बघतात. ठोकळ्यासाठी आणि पातळ फिल्मसाठी ठीक. पण डॉटमध्ये पातळ्या सुट्या सुट्या असतात, त्यात वेगवेगळ्या साइजचे कण मिसळलेले, त्यामुळं सरळ भाग कुठला हे प्रत्येकजण आपापल्या मनानं ठरवतो आणि तीन पोरांची तीन उत्तरं येतात. त्यापेक्षा ग्राफमधला जो खांदा दिसतो, म्हणजे पहिलं एक्सायटॉनचं शिखर, त्याच्या निम्म्या उंचीला कुठली तरंगलांबी येते ती लिहा, किंवा ग्राफचा डेरिव्हेटिव्ह काढून तो कुठं सगळ्यात खाली जातो ते घ्या. रेघ ओढायचा प्रश्नच राहत नाही. टॉक प्लॉट एक्झामिनरला पाहिजेच असेल तर तोही द्या, पण प्रत्येक ग्राफला रेघ त्याच नियमाने ओढा आणि नियम लिहा.

चमक बघणं

केमिस्ट्री डिपार्टमेंटमध्ये टीएलसीचा यूव्ही लॅम्प असतो, २५४ आणि ३६५ अशी दोन बटणं. ताज्या सँपलवर ३६५ टाकला तर चमक फिकी वाटू शकते, कारण कड ३४० ला आहे आणि ३६५ चा प्रकाश शोषलाच जात नाही. कण वाढले की तोच लॅम्प हिरवट-पिवळी चमक दाखवतो. बाजारात मिळणारा ३९५ चा जांभळा टॉर्च इथं कामाचा नाही, कारण तुम्ही आत्ताच काढलं की ठोकळा सुद्धा ३६८ च्या पलीकडे शोषत नाही. डोळ्यांवर यूव्हीचा चष्मा घाला, २५४ साठी तर नक्कीच.

पीएलच्या (फोटोल्युमिनेसन्स, प्रकाश टाकल्यावर निघणारी चमक मोजणं) मशीनवर जायच्या आधी हात बसवायला हळद घ्या. सांगलीत हळदीला काय तोटा, चिमूटभर इथेनॉलमध्ये हलवा, गाळा, पिवळं द्रावण. कर्क्युमिनचं शोषण ४२५ च्या आसपास आणि चमक ५४० च्या आसपास येते. द्रावण दहापट पातळ करा, शिखर बुटकं होतं पण जागचं हलत नाही, कारण तो एक ठराविक रेणू आहे. मग झिंक ऑक्साइडचे दोन दिवसांचे ग्राफ शेजारी ठेवा, तिथं कड जागा सोडते. रेणू आणि डॉट यातला फरक समजावायला मला याहून चांगली जोडी सापडलेली नाही, सेमिनारमध्ये पण हीच दाखवतो.

पीएलमध्ये फसवणारी दोन शिखरं असतात. एक, एक्सायटेशनच्या (सँपलवर टाकलेल्या प्रकाशाच्या) दुप्पट तरंगलांबीवरचं, ३२५ ने मारलं की ६५० ला अगदी टोकदार शिखर उगवतं, ते मशीनमधल्या ग्रेटिंगचं (प्रकाश फोडणारी पट्टी) आहे, सँपलचं नाही. दुसरं, इथेनॉलचं रामन (इथेनॉलने विखुरताना तरंगलांबी बदललेला प्रकाश), ३५० ने मारलं तर साधारण ३९० ला. ओळखायचं कसं, एक्सायटेशन १० नॅनोमीटर बदलून बघा. फसवं शिखर सोबत सरकतं, सँपलचं सहसा जागेवर राहतं. हे केल्याशिवाय ३९० चं शिखर बँड एज एमिशन (थेट गॅपची चमक) म्हणून छापू नका. पीएलसाठी द्रावण अजून पातळ, अ‍ॅब्सॉर्बन्स ०.१ च्या आत, नाहीतर सँपल स्वतःचाच प्रकाश पिऊन टाकतं. चमकेचं प्रमाण काढायचं असेल तर क्विनाइन सल्फेट, ०.१ मोलर सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये, त्याची क्वांटम यील्ड (शोषलेल्या प्रकाशकणांपैकी किती चमक होऊन बाहेर येतात ते प्रमाण) ०.५४ धरतात, त्याच्याशी तुलना करा.

झिंक ऑक्साइडची हिरवट-पिवळी चमक रुंद का असते? कारण ती थेट गॅपची नाही, मधल्या दोषांच्या पातळ्यांवरून येते. रिपोर्टमध्ये सगळे ऑक्सिजन व्हेकन्सी (स्फटिकात ऑक्सिजनची रिकामी राहिलेली जागा) लिहितात. नुसत्या पीएलवरून दोष नेमका कुठला हे सिद्ध होत नाही, म्हणून दोषांमुळे एवढंच लिहा, व्हायवात कुणी पकडणार नाही.

एक्सआरडी, टीईएम

एक्सआरडीसाठी द्रावणात दुप्पटीच्या आसपास हेक्झेन घाला, पांढरं खाली बसतं, सेंट्रिफ्यूज करा, थोडंसंच वाळवा. बाकीचं परत इथेनॉलमध्ये घ्या, वाळवलेले कण एकमेकांना चिकटतात आणि नंतर सुटत नाहीत. झिंक ऑक्साइडची तीन मोठी शिखरं ३१.८, ३४.४ आणि ३६.३ डिग्रीला असतात. डॉट खरंच छोटे असतील तर ही तिन्ही एकमेकांत मिसळून ढिगारा दिसतो, आणि तो ढिगारा हीच चांगली बातमी आहे. शेरर समीकरणात (शिखराच्या रुंदीवरून साइज काढतात ते) रुंदी रेडियनमध्ये घाला, २.५ डिग्री म्हणजे ०.०४३६, उत्तर ३.३-३.४ नॅनोमीटर येतं. सुईसारखी टोकदार शिखरं आली तर डॉट नाहीत, विषय संपला, परत बनवा.

टीईएम (इलेक्ट्रॉनच्या झोताने कणांचा फोटो काढणारा मायक्रोस्कोप) आपल्याकडं प्रत्येक कॉलेजात असणं शक्य नाही. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात स्कूल ऑफ नॅनोसायन्स अँड बायोटेक्नॉलॉजी आहे, तिथं चौकशी करा, आणि आयआयटी मुंबईच्या सैफमध्ये (बाहेरच्यांनाही मोठी मशीन वापरायला मिळतात ते केंद्र) गाइडच्या पत्राने नंबर लावता येतो. नंबर लागायला वेळ जातो म्हणून प्रोजेक्टच्या सुरुवातीलाच अर्ज टाका. फोटो मिळाला की एखादा सुंदर कण निवडून त्याची साइज देऊ नका, किमान १००-२०० कण मोजा, हिस्टोग्राम काढा, आणि मग ती साइज, शेररची साइज आणि यूव्हीच्या कडेवरून आलेली साइज तिन्ही एका टेबलात मांडा. तिन्ही तंतोतंत जुळणार नाहीत. शेरर स्फटिकाचा आकार देतो, टीईएम अख्खा कण दाखवतं, आणि शोषण सगळ्या कणांची मिळून सरासरी देतं ज्यात मोठ्या कणांचं वजन जास्त पडतं. हा फरक लपवू नका, त्यावरच दोन परिच्छेद लिहा, रिपोर्टचा सगळ्यात भारी भाग तोच होतो.

ज्यांना यापुढं जायचंय, एकट्या डॉटमधून एकेक फोटॉन काढणं वगैरे, त्यांना इंडियम आर्सेनाइडचे डॉट, निर्वात मशीन आणि ४ केल्व्हिनचं थंड टेबल लागतं, ते इथं होणार नाही. पण त्याचं गणित होतं. वरच्या पायथनच्या कोडमध्ये एका वेलच्या शेजारी ३ नॅनोमीटरची भिंत सोडून दुसरी वेल टाका आणि खालची पातळी दोनांत फुटते ते बघा, भिंत जाड-बारीक करा, फुटीचा ग्राफ काढा. पीएचडीच्या इंटरव्ह्यूत हा ग्राफ स्वतः काढलेला असला की बोलायला भरपूर मिळतं.

आणि काम झाल्यावर उरलेलं द्रावण, हेक्झेन, धुतलेलं इथेनॉल बेसिनमध्ये ओतू नका. झिंक पाण्यातल्या जिवांना मारक आहे आणि आपल्याकडचं सांडपाणी शेवटी कृष्णेतच जातं. सॉल्व्हंटची वेगळी झाकणाची बाटली ठेवा, त्यावर आत काय आहे आणि तारीख लिहा, आणि लॅब असिस्टंट दादांकडे सही घेऊन जमा करा.